किट कारचे ब्रेक पाइप आणि पेट्रोलच्या नळ्या: बारा टोकांचे काम

घरामागच्या गॅरेजमध्ये गेली तीन वर्षे मी दोन आसनांची एक छोटी, उघडी मोटार जोडतो आहे. मी राहतो इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, आणि सुटे भाग आणून घरीच मोटार उभी करण्याची परंपरा या देशात चांगली मुरलेली आहे. लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली सेव्हन ही मोटार तयार विकत घेतली तर तिच्यावर पर्चेस टॅक्स भरावा लागे. तीच सुट्या भागांत घेऊन स्वतः जोडली तर तो लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली, पण त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि लोकांच्या हाताला लागलेली सवय काही सुटली नाही. माझी गाडी त्याच धाटणीची आहे. चॅसी चौकोनी पोलादी नळ्या वेल्ड करून केलेली आहे; इंजिन, गिअरबॉक्स आणि चारही चाकांचे ब्रेक एका जुन्या मझदा एमएक्स-५ मधून काढलेले आहेत.

ओळखीचे लोक विचारतात ते इंजिनाबद्दल, रंगाबद्दल, वेगाबद्दल. मला मात्र आज लिहायचे आहे ते ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांबद्दल, कारण किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत ज्या कामाला जेमतेम एक पान दिले होते, त्या कामाने माझे सहा शनिवार-रविवार घेतले आणि ते सर्व मला सार्थकी लागलेले वाटतात.

नळी कोणत्या धातूची घ्यावी यावर माणसे तासन्‌तास वाद घालतात. वाद निरर्थक नाही, पण त्याआधी एक साधा हिशेब करून पाहावा. ब्रेक पाइपाचा बाहेरचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिमी असतो आणि भिंतीची जाडी सुमारे ०.७१ मिमी, म्हणून आतला व्यास उरतो ३.३३ मिमी. जोरात ब्रेक दाबला आणि आतल्या ब्रेक ऑइलचा दाब १०० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट, गेला असे धरले, तरी पाइपाच्या भिंतीवर येणारा ताण साधारण २३ मेगापास्कल भरतो. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची ताणशक्ती याच्या दहापटीहून अधिक आहे. याचा अर्थ असा की चांगला, न गंजलेला पाइप नुसत्या दाबाने मधोमध फुटण्याची भीती जवळजवळ नाही. तो गळतो टोकाशी, जिथे त्याचे तोंड फुलवून नटाखाली दाबलेले असते. तो तुटतो तिथे, जिथे आधार नसल्याने तो वर्षानुवर्षे थरथरत राहतो. आणि तो झिजतो तिथे, जिथे दुसरी एखादी वस्तू त्याला घासते. माझ्या गाडीत कडक पाइपाचे सहा तुकडे आहेत, म्हणजे बारा टोके. सहा शनिवार-रविवार गेले ते मुख्यतः या बारा टोकांवर.

आता धातूकडे वळतो. कारखान्यातून निघणाऱ्या बहुतेक गाड्यांना पोलादी पाइप असतो. पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे गुंडाळून आणि तांब्याने झाळून तो तयार करतात आणि वरून गंजरोधक लेप देतात. तो मजबूत असतो, परंतु इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि लेपाला एक ओरखडा पडला की तिथून गंज सुरू होतो. शुद्ध तांब्याचा पाइप गंजत नाही, हाताने सुतासारखा वळतो आणि इथल्या दुकानांत सर्रास मिळतो. त्याचा दोष असा की वाकवण्याने आणि कंपनाने तांबे कडक होत जाते आणि कडक झालेले तांबे चिरते. स्टेनलेस स्टील दिसायला देखणे आणि टिकायला उत्तम, पण घरच्या अवजाराने त्याचे तोंड नीट फुलवणे फार कठीण जाते आणि फुलवलेले तोंड इतके कठीण असते की बसकीत, म्हणजे भोकाच्या तळाशी ते जिथे टेकते त्या जागेत, नीट रुतून बसत नाही.

मी निवडला तो कुनिफर. नावातच त्याची घडण आहे: क्यू म्हणजे तांबे, नि म्हणजे निकेल, फे म्हणजे लोखंड. त्यात निकेल सुमारे १० टक्के, लोखंड एक-दीड टक्का आणि बाकी मुख्यतः तांबे असते. समुद्राच्या पाण्याला टिकतो म्हणून हाच मिश्रधातू जहाजांवरच्या नळ्यांसाठी वापरला जातो आणि व्होल्वोने १९७६ मध्ये तो आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपांसाठी घेतला. तो तांब्यापेक्षा थोडा ताठ आहे, त्यामुळे सरळ लांबीत लोंबत नाही, आणि पोलादापेक्षा मऊ आहे, त्यामुळे त्याचे तोंड न चिरता फुलते. २५ फुटी, म्हणजे ७.६२ मीटरचे एक वेटोळे माझ्या गाडीला पुरले असते. मी दोन आणली, आणि दुसऱ्यातला बराच भाग सरावात गेला.

यानंतर जो भाग येतो त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि तिथेच सर्वांत मोठा धोका आहे: आटे आणि तोंडाचा आकार. माझा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबले की ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणारा भाग, ब्रिटिश बनावटीचा, त्याचे आटे यूएनएफ या इंची मापाचे, व्यास ३/८ इंच आणि इंचाला २४. मझदाचे आटे मात्र एम१०, म्हणजे १० मिमी व्यासाचे, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १ मिमी. तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५३ मिमी आणि पिच १.०६ मिमी. आकडे इतके जवळ आहेत की यूएनएफचा नट (ब्रेक पाइपाच्या या नटाला आटे बाहेरून असतात) एम१०च्या भोकात सहज शिरतो, फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात त्याने जेमतेम आट्यांची टोके धरलेली असतात आणि पहिल्या जोरदार ब्रेकला तो निसटू शकतो. म्हणून मी मास्टर सिलिंडरच्या दोन तोंडांपुरते यूएनएफ ठेवले, बाकी सगळीकडे एम१०, आणि यूएनएफच्या प्रत्येक नटावर लाल रंगाचा ठिपका दिला. दोन्ही जातींचे नट एका डबीत ठेवू नयेत, एवढे मी आग्रहाने सांगेन.

तोंडाच्या आकाराचेही असेच. जपानी गाड्यांत पाइपाचे तोंड ४५ अंशांत बाहेर फुलवून तीच कड पुन्हा आत दुमडलेली असते. याला डबल फ्लेअर म्हणतात. युरोपातल्या अनेक गाड्यांत तोंड बुडबुड्यासारखे गोल फुगवलेले असते. शर्यतीच्या गाड्यांवर आणि विमानांवर ३७ अंशांची बसक असते. ३७ अंशांच्या बसकीवर ४५ अंशांचे तोंड दाबले तर ते एका बारीक रेषेवरच टेकते. त्या दिवशी गळणार नाही कदाचित, पण महिन्याभराने गळेल. ज्या भागात पाइप जोडायचा आहे त्याच्या भोकात टॉर्च मारून तळाची बसक कशी आहे ते पाहणे आणि तोंड त्याच आकाराचे करणे, याला दुसरा पर्याय नाही.

प्रत्यक्ष फ्लेअर मारण्याचे, म्हणजे तोंड फुलवण्याचे, काम मी लहानपणी पाहिलेले होते. माझे बाबा चिंचवडला टेम्पो आणि जीप दुरुस्त करत, आणि मॅटाडोरचा गंजलेला ब्रेक पाइप बदलताना मी त्यांच्याजवळ उकिडवा बसून पाना हातात देत असे. इथे पहिला तुकडा करायला घेतला तेव्हा मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन बाकावर उभा करून ठेवला. पाइप कापला, तोंड घासले, अवजारात धरला, स्क्रू आवळायला घेतला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अरे, नट घातलास का आधी?" नट बाकावरच होता. तोंड एकदा फुलवले की नट त्यावरून जात नाही, मग कापून पुन्हा सुरुवात करावी लागते. "दोन्ही नट आधी ओवायचे, पाठीला पाठ करून, आणि चिकटपट्टीने पाइपाला बांधून ठेवायचे, म्हणजे घसरून उलटे होत नाहीत," असे त्यांनी सांगितले. पुढच्या सर्व तुकड्यांवर मी तेच केले.

कापण्यासाठी हॅक्सॉ वापरू नये. तिची कड वाकडी निघते आणि कीस आत जातो. तो कीस पुढे मास्टर सिलिंडरच्या रबरापर्यंत पोचला तर रबर फाडतो. चाकाचा छोटा कटर पाइपाभोवती फिरवत, दर फेरीला अगदी थोडा आवळत कापावे. घाईने आवळला तर तो तोंड आत दाबतो. कापल्यावर पाइप तोंड खाली करून धरावा, आतली कड रीमरने हलकेच मोकळी करावी, बाहेरची कड बारीक कानशीने मोडावी आणि शेवटची नजर भिंगातून टाकावी. कड एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ दिसली, तर फुलवलेले तोंडही तसेच तिरके येते. अवजाराच्या ठोकळ्यातून पाइप किती बाहेर काढायचा याचे माप साच्याबरोबरच दिलेले असते. ते डोळ्याने अंदाजू नये. साच्यावर ब्रेक ऑइलचा एक थेंब सोडला तर धातू न चिकटता दुमडतो. चांगले तोंड कसे दिसते ते एकदा पाहिले की विसरत नाही: कड सारखी गोल, मधोमध भोक, पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत आणि कुठेही केसाएवढीही चीर नाही. मी तीस-बत्तीस तोंडे टाकून दिली आणि बारा ठेवली.

पाइप वाकवण्यापूर्वी मी वेल्डिंगची पातळ सळई प्रत्यक्ष चॅसीवर वाकवून तिचा नमुना केला आणि मग तो नमुना शेजारी ठेवून पाइप वळवला. सर्वांत लांब तुकडा, मास्टर सिलिंडरपासून मागच्या टी-जोडापर्यंत जाणारा, मी आधी केला, कारण तो फसला तर त्यातून आखूड तुकडे निघतात. वळणासाठी गोल ठोकळा वापरला आणि एकदा वळवलेली जागा पुन्हा सरळ करून पुन्हा वळवली नाही. आणखी एक गोष्ट: पाइपाला मध्येच उंचवटा ठेवू नये. उलट्या यू आकाराच्या वळणात हवेचा बुडबुडा अडकतो आणि कितीही वेळा हवा काढली तरी पेडल स्पंजासारखे लागते.

गाडीच्या मधून जो बोगदा जातो त्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, फिरत असतो. तिथेच ब्रेक पाइप, पेट्रोलची नळी आणि बॅटरीची जाड केबल हे सगळे एकत्र नेण्याचा मोह होतो, कारण वाट सरळ आहे. मी ब्रेक पाइप एका वरच्या कोपऱ्यात नेला, पेट्रोलच्या नळ्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात नेल्या आणि केबल बोगद्याबाहेर काढली. पेट्रोल आणि विजेची केबल शेजारी शेजारी असू नयेत, हे वेगळे सांगायला नको. पाइपाला दर २० ते २५ सेंमीवर रबराचे अस्तर असलेली क्लिप दिली, आणि प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. पत्र्यातून जिथे पाइप जातो तिथे भोकाला रबरी कडे बसवले. हे कडे नसेल तर पत्र्याची कड आणि पाइप एकमेकांना करवतीसारखे कापत राहतात.

या रबराविषयी थोडे विषयांतर करतो, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक असते. ब्रेक ऑइल ग्लायकोलचे असते आणि त्यात ईपीडीएम रबर चांगले टिकते. तेच ईपीडीएम पेट्रोलमध्ये फुगते. नायट्रिल रबराचे उलटे: ते पेट्रोल सोसते, पण ब्रेक ऑइलमध्ये खराब होते. म्हणून ब्रेकचे रबरी भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची आपल्याकडच्या गॅरेजांतली सवय सोडून दिली पाहिजे. धुवायचे तर ताज्या ब्रेक ऑइलनेच.

चॅसीपासून चाकापर्यंतचा शेवटचा हातभर भाग लवचीक असावा लागतो. तिथे मी टेफ्लॉनच्या नळीवर स्टेनलेसच्या तारांची वीण असलेले होज लावले. साध्या रबरी होजपेक्षा ते कमी फुगतात, त्यामुळे पेडल टणक लागते. पण उघडी वीण ही एक प्रकारची कानसच आहे. ती ज्याला टेकेल त्याला घासते, म्हणून वर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असलेलेच घ्यावेत. लांबी ठरवण्यासाठी स्प्रिंग काढून ठेवली, चाक पार खाली सोडले, पार वर उचलले, आणि दोन्ही स्थितींत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. होज कुठेही ताणले जाऊ नये, पिळले जाऊ नये आणि टायरला लागू नये. डाव्या पुढच्या चाकाला माझे होज पूर्ण वळणावर टायरला निसटते लागत होते; जोडाचा कंस २० मिमी मागे सरकवल्यावर ते मोकळे झाले.

पेट्रोलच्या नळ्यांचे शास्त्र वेगळे आहे. तिथे दाब कमी असतो, कार्बोरेटरच्या गाडीत एका बारचा काही अंश आणि इंजेक्शनच्या गाडीत साधारण ३ बार. पण ब्रेक ऑइल गळले तर पेडल खाली जाऊन तुम्हाला सांगते. पेट्रोल गळले तर ते गरम एक्झॉस्टपाशी न सांगता साचते. कडक नळीसाठी शुद्ध तांबे मी टाळले, कारण तांब्याच्या सहवासात पेट्रोल लवकर खराब होऊन त्यात चिकटा तयार होतो. बोगद्यातून ८ मिमीची पोलादी, लेप दिलेली नळी नेली, परतीसाठी आणखी एक, आणि दोन्ही टोकांना शक्य तितके आखूड रबरी होज ठेवले. रबर जितके कमी, तितक्या भविष्यातल्या कटकटी कमी.

या रबराने मला एक धडा दिला. पहिल्यांदा इंजिन सुरू करून पाहण्यासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्टीलची वीण असलेले सुंदर चकचकीत होज मागवले होते. त्यावर कोणत्याही मानकाचा छाप नव्हता आणि मी तो शोधलाही नव्हता. दोन हिवाळ्यांनंतर गॅरेजमध्ये शिरताच पेट्रोलचा वास येऊ लागला. कोरड्या फडक्याने होज पुसले आणि फडके नाकाशी नेले, तर वास त्याला होता. टोक कापून पाहिले तेव्हा विणीच्या आतले रबर वाळलेल्या चामड्यासारखे झाले होते आणि वाकवताच त्याला आडव्या भेगा पडल्या. वरची वीण मात्र नवीकोरी दिसत होती. म्हणून माझे मत असे झाले आहे की पेट्रोलसाठी उघडे काळे रबर बरे; त्याचे वय दिसते.

कारणही समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचे नेहमीचे पेट्रोल ई१० झाले, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि भारतात तर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या प्रकारचे रबर फुगवते आणि कोरडे पडले की ते कडक होते. होज घेताना त्यावर एसएई जे३० आर९ असा मानकाचा छाप पाहावा. हे इंजेक्शनच्या दाबासाठी असते आणि त्याचे आतले अस्तर फ्लोरोइलॅस्टोमर या इंधन सोसणाऱ्या रबराचे असते. आर६ हे कार्बोरेटरच्या कमी दाबाचे. पुण्या-कोल्हापुरात जुनी जीप, येझदी किंवा फियाट जिवापाड जपणारी पुष्कळ मंडळी आहेत. गाडी सुरू होवो न होवो, तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी बदला, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

होज ज्या पोलादी टोकावर चढते त्याला सभोवती एक उंचवटा, बीड, काढावा लागतो. गुळगुळीत टोकावर चढवलेले होज क्लिप कितीही आवळली तरी उष्णतेने आणि कंपनाने हळूहळू मागे सरकते. मी बीड काढणारे अवजार भाड्याने आणले आणि एका दुपारी सगळी टोके उरकली. क्लिपही साध्या, पट्टीला खाचा असलेल्या घेतल्या नाहीत, कारण त्या खाचांत रबर शिरून कापले जाते; सलग पट्टीच्या, बोल्टने आवळणाऱ्या घेतल्या आणि त्या बीडच्या मागे बसवल्या, बीडवर नव्हे.

सर्व जोडून झाल्यावर डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल भरले. ते हवेतली आर्द्रता शोषते. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर किमान १५५ धरतात. म्हणून उघडी बाटली ठेवून दिलेली वापरली नाही. नट आवळायला पाइपावरून सरकणारा, एका बाजूला फट असलेला पाना घेतला, म्हणजे पितळी नटाचे कोपरे मोडत नाहीत. प्रत्येक नट आधी आवळून, सोडून, पुन्हा आवळला, त्यामुळे तोंड बसकीत नीट बसते. हवा काढून झाल्यावर आसन आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडका अडकवून पेडल रात्रभर दाबून ठेवले आणि बाराही टोकांना टिश्यू पेपरची घडी बांधली.

सकाळी अकरा घड्या कोरड्या होत्या. मागच्या टी-जोडाच्या उजव्या तोंडाची घडी एका कोपऱ्यात, नखाएवढी, ओलसर होती. नट आठवा भाग फेरा आणखी आवळून पुन्हा रात्रभर ठेवले, पुन्हा ओल. आणखी आवळण्याऐवजी तो तुकडा काढला. भिंगाखाली तोंडाची कड एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसली. तो तुकडा मी रविवारी संध्याकाळी उरकण्याच्या नादात कापला होता आणि कटर तिरका बसला होता. नवीन तुकडा करून बसवला, आजूबाजूच्या रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुतले, कारण ते रंग उचलते, आणि तिसऱ्या सकाळी बाराही घड्या कोरड्या मिळाल्या.

आता गाडीला इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल या सरकारी तपासणीला जायचे आहे; २००९ पासून घरी जोडलेल्या मोटारींना ती द्यावी लागते आणि तपासनीस ब्रेक व इंधनाच्या नळ्यांची बांधणी बारकाईने पाहतात. बोगद्याचे झाकण मी रिव्हेट न मारता आठ स्क्रूंनी बसवले आहे. पहिल्या पाचशे मैलांनंतर ते उघडून प्रत्येक क्लिप, प्रत्येक नट आणि पेट्रोलचे चारही जोड पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून पाहायचे आहेत.